पाण्याची पकड

फांदीवर बसलेल्या कावळ्याला उडण्यासाठी फारशी तयारी करावी लागत नाही. पाय किंचित दुमडले, पंख पसरले आणि एक उडी घेतली, की तो हवेत असतो. पाणकावळ्याचे मात्र तसे नाही. तळ्याच्या मध्यावर पोहत असलेला हा काळा पक्षी उडावयाचे ठरवितो, तेव्हा तो आधी धावू लागतो. पंख जोराने फडफडत असतात, पाय पाण्यावर सपासप आपटत असतात, मागे फेसाची रेघ उमटत जाते. आणि बरेच अंतर तोडल्यावर एकदाचा तो पाण्यापासून सुटतो. सुटल्यावर मात्र तो किती सहज जातो! पाहणाऱ्याच्या ध्यानात येते, की हवेत राहणे त्याला अवघड नाही. अवघड आहे ते पाण्यातून निघणे.

पाण्यावरून उडणारी याने बांधणाऱ्या माणसांनाही हाच अनुभव आला. त्यातही ज्यांनी ग्लायडर पाण्यावर उतरविण्याचा घाट घातला, त्यांना तो पदोपदी आला.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. त्याचे पंख लांबच लांब आणि अरुंद असतात. अंग गुळगुळीत व सडपातळ असते. उंचावरून सोडले, की ते घसरगुंडीवरून उतरल्यासारखे हळूहळू खाली येते. पण ती घसरगुंडी इतकी मंद उताराची असते, की एक किलोमीटर उंचीवरून निघालेले चांगले ग्लायडर तीस किलोमीटर दूर जाऊन टेकते. वाटेत तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा सापडली, तर घारीप्रमाणे घिरट्या घालीत ते पुन्हा उंच जाते. अशा यानाला एक लहानसे इंजिन बसविले, की त्याचे मोटर-ग्लायडर होते. इंजिन चालू करून वर जावयाचे, मग ते बंद करून वाऱ्यावर स्वार व्हावयाचे आणि गरज पडली तर पुन्हा चालू करावयाचे.

या यानाची एक अडचण अशी, की पंख पंधरा-सोळा मीटर लांब असल्यामुळे त्याला उतरण्यासाठी रुंद, मोकळे मैदान हवे असते. डोंगराळ मुलखात असे मैदान दुर्मीळ. पण त्याच मुलखात दऱ्यांमधून सरोवरे पसरलेली असतात. सरोवरावर झाडे नसतात, कुंपणे नसतात, आणि वारा कोणत्याही दिशेने वाहत असला तरी त्याच्या समोर तोंड करून धावता येते. मग मोटर-ग्लायडरला चाकांऐवजी होडीचे बूड का लावू नये? कल्पना मोठी मोहक आहे. कागदावर तर तिचे चित्र अर्ध्या तासात काढून होते. खरी कसोटी लागते ती चित्र पाण्यात उतरते तेव्हा.

ही कसोटी प्रथम देणाऱ्यांपैकी एक होता गाब्रिएल व्वाझँ हा फ्रेंच तरुण. राइट बंधूंनी अमेरिकेत १९०३ मध्ये पहिले इंजिनाचे उड्डाण केले होते. पण युरोपात अजून कोणाला ते साधले नव्हते. पॅरिसमधील एका श्रीमंत वकिलाला उड्डाणाचा ध्यास लागला होता. त्याच्या पैशावर व्वाझँने एक ग्लायडर बांधले. ते दिसावयास पेटीच्या पतंगासारखे होते आणि त्याच्याखाली चाकांऐवजी फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ पेट्या, बसविल्या होत्या. ८ जून १९०५ रोजी पॅरिसजवळ सेन नदीच्या पात्रात एका वेगवान मोटरबोटीने हे ग्लायडर दोराने ओढले. व्वाझँ स्वतः त्यात बसला होता. ग्लायडर पाण्यावरून उचलले गेले आणि सुमारे ६०० मीटर हवेतून जाऊन पुन्हा नदीवर टेकले.

नदीवर प्रयोग करण्यात एक शहाणपण होते. जमिनीवर पडले तर हाडे मोडतात. पाणी तेवढे कठोर नाही, असे त्या काळच्या पुष्कळांना वाटे. पण त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात व्वाझँ दुसरे ग्लायडर घेऊन त्याच नदीवर आला. हे त्याने लुई ब्लेरिओसाठी बांधले होते. पुढे १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारा ब्लेरिओ तो हाच. या वेळी ग्लायडर वर उठले, एका अंगाला कलले आणि पंखाच्या टोकावर पाण्यात कोसळले. व्वाझँ लाकडे, तारा आणि कापड यांच्या गुंत्यात पाण्याखाली अडकला. तो वाचला खरा, पण बुडता बुडता. पाणी मऊ असते ही समजूत किती फसवी आहे, हे त्या दिवशी सेनच्या काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळले असेल.

व्वाझँच्या ग्लायडरला ओढणारे बळ दुसऱ्याचे होते. पाण्यावरून स्वतःच्या बळाने उठणारे यान बांधले ते आंरी फाब्र याने. फाब्रचा जन्म १८८२ मध्ये मार्सेय बंदरात झाला. त्याचे घराणे जहाजमालकांचे, म्हणजे पाण्याशी त्याची ओळख जन्मजात होती. शिक्षणाने तो इंजिनियर झाला होता. त्याने तीन लहान इंजिने एकत्र जोडून एकच पंखा फिरविणारे एक यान १९०९ मध्ये बांधले. ते पाण्यावर धावले, पण उठले नाही. दुसरा एखादा निराश झाला असता. फाब्रने पन्नास अश्वशक्तीचे एकच नवे इंजिन घेतले, सांगाडा निराळा केला आणि तीन फ्लोट बसविले, एक पुढे आणि दोन मागे. या फ्लोटांची तळाची बाजू सपाट होती आणि वरची बाजू पंखासारखी फुगीर. पाण्यात त्यांनी यानाला तरंगत ठेवावे आणि हवेत गेल्यावर थोडा भार पंखांबरोबर उचलावा, अशी ती योजना होती. ज्याचे ओझे व्हावयाचे त्याच्याकडूनच काम करून घेण्याची ही युक्ती खरोखर नामी म्हटली पाहिजे.

२८ मार्च १९१० रोजी मार्सेयजवळच्या बेर या खाऱ्या सरोवरावर फाब्र आपल्या यानाच्या उघड्या सांगाड्यावर चढून बसला. तोपर्यंत त्याने आयुष्यात एकदाही विमान चालविले नव्हते. यान पाण्यावरून धावत गेले, उठले आणि सुमारे अर्धा किलोमीटर उडून अलगद पाण्यावर आले. इंजिनाच्या बळावर पाण्यावरून उठलेले जगातील हे पहिले विमान. त्याच दिवशी तो आणखी तीनदा उडाला. त्याचे ते यान पॅरिसजवळ ल बूर्जे येथील संग्रहालयात ठेवलेले आहे. फाब्र स्वतः १०१ वर्षे जगला. नव्वदीच्या उंबरठ्यावर असतानाही मार्सेयच्या बंदरात तो आपली शिडाची होडी एकटा चालवीत असे.

एवढे झाले तरी पाण्याची पकड म्हणजे नेमके काय, हे कोडे पुरते सुटले नव्हते. ते सोडविण्याचे मोठे श्रेय ग्लेन कर्टिस या अमेरिकन माणसाकडे जाते. कर्टिस हा मूळचा सायकली दुरुस्त करणारा. पुढे मोटरसायकली बांधू लागला आणि तेथून विमानांकडे वळला. पुस्तकी विद्या त्याच्यापाशी फारशी नव्हती, पण यंत्राकडे टक लावून पाहण्याची चिकाटी विलक्षण होती. १९११ च्या जानेवारीत त्याने सॅन डिएगोच्या उपसागरावरून फ्लोट लावलेले विमान उडविले. नंतर त्याला वाटले, विमानाखाली वेगळे फ्लोट कशाला? विमानाचे अंगच होडीसारखे करावे. तशी उडती होडी त्याने बांधली आणि १९१२ च्या उन्हाळ्यात आपल्या गावाशेजारच्या क्यूका सरोवरात सोडली. ती झकास धावे. पण कितीही धावली तरी पाणी तिला सोडीना.

यामागचे कारण समजण्यासाठी सरोवरापर्यंत जावयास नको. घरातला एक चमचा पुरे. चमच्याचे टोक दोन बोटांत सैल धरून त्याची फुगीर पाठ नळाच्या धारेला हलकेच लावावी. धार चमच्याला दूर ढकलील असे वाटते. पण घडते उलटेच. चमचा धारेत ओढला जातो आणि तेथेच चिकटून राहतो. फुगीर पाठीवरून वाहताना पाणी तिच्या वळणाला धरून वळते आणि त्यामुळे तेथील दाब कमी होतो. होडीचे बूड मागच्या बाजूला वर वळलेले असते. हळू चालताना ते वळण फार उपकारक, कारण पाणी गडबड न करता मागे मिटते. पण वेग वाढला, की तेच वळण चमच्याच्या पाठीसारखे वागू लागते. पंख यानाला वर उचलतात आणि बूड त्याला खाली ओढते. शिवाय वर चढण्यासाठी यानाचे नाक उचलावे, तर शेपटीकडचा भाग अधिकच पाण्यात रुततो.

कर्टिस एका मोटरबोटीत बसून धावणाऱ्या उडत्या होडीच्या बाजूने गेला आणि तिच्या बुडाखाली पाणी कसे वाहते ते त्याने डोळ्यांनी पाहिले. मग त्याने बुडाला लाकडाचे तुकडे ठोकून मध्येच एक पायरी केली. म्हणजे असे, की पुढून आलेले बूड यानाच्या मध्यभागी एकदम तुटावे आणि त्यामागचा भाग थोडा वर असावा. वेगाने येणाऱ्या पाण्याला अशा धारदार कडेवरून एकाएकी वळता येत नाही. ते सरळ मागे निघून जाते. पायरीमागच्या पोकळीत हवा शिरते आणि मागचे बूड मोकळे होते. यान आता फक्त पायरीच्या पुढच्या सपाट भागावर, चपटा खडा तळ्यावरून टप्पे घेत जावा तसे, घसरत जाते; आणि त्या पायरीवर डोलून त्याला आपले नाकही उचलता येते. कर्टिसची होडी उडाली. नंतरच्या काळातील बहुतेक साऱ्या उडत्या होड्यांच्या बुडाला ही पायरी आढळते.

याच कर्टिसने दहा वर्षांनी, १९२२ मध्ये, होडीच्या बुडाचे एक ग्लायडर बांधले आणि मोटरबोटीने ओढवून ते उडविले. सेन नदीवरचा जुना खेळ पुन्हा एकदा, पण आता पाण्याचा स्वभाव ओळखून.

आता मूळच्या प्रश्नाकडे यावे. ज्याला पाण्यावरचे मोटर-ग्लायडर आखावयाचे आहे, त्याच्या मेजावर पहिले गणित येते ते बळाचे. समजा, यानाचे वजन माणसांसह ६०० किलो आहे. हवेतील त्याची घसरगुंडी तिसास एक अशी असेल, तर त्याला समपातळीत पुढे नेण्यास वजनाच्या तिसाव्या हिश्शाएवढी ओढ पुरते, म्हणजे २० किलोंची. शाळकरी मुलगा दोरीने ओढू शकेल एवढीच ही! पण पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट असते. यान पाण्यावर वेग घेऊ लागले, की आधी ते नाक वर करून स्वतःच उठविलेल्या लाटेचा चढ चढत राहते. या अवस्थेला जाणते लोक ‘कुबड’ म्हणतात, कारण विरोधाचा आलेख काढला तर तो येथे उंटाच्या पाठीसारखा वर येतो. कुबडावर पाण्याचा विरोध वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास जातो, म्हणजे सुमारे १२० किलो. वीस कोठे आणि एकशेवीस कोठे! हे कुबड एकदा ओलांडले, की यान पृष्ठभागावर घसरू लागते आणि विरोध उतरतो. पण त्या थोड्या सेकंदांसाठी जे बळ लागते ते इंजिनात असावेच लागते. हवेत ज्याचे वीस-पंचवीस अश्वशक्तीवर सुखाने चालले असते, त्याला पाण्यापासून सुटण्यापुरते दुप्पट-तिप्पट शक्तीचे इंजिन जन्मभर वाहून न्यावे लागते.

तेवढ्याने भागत नाही. ६०० किलोंचे यान गोड्या पाण्यावर तरंगण्यासाठी त्याला ६०० लिटर पाणी बाजूला सारावे लागते. पण होडी काठोकाठ बुडालेली चालत नाही. लाट आली तर काय? म्हणून अमेरिकेतील नियमांप्रमाणे फ्लोटांत यानाच्या वजनाहून ८० टक्के अधिक भार तरंगविण्याची शक्ती असावी लागते. म्हणजे ग्लायडरचे सडपातळ अंग फुगलेच. त्यात ती पायरी! पाण्यावर जिने उपकार केला, तीच हवेत वैरीण होते. तिच्यामागे हवेचे भोवरे उठतात आणि यानाला मागे खेचतात. पायरी खोल ठेवावी तर घसरगुंडी बिघडते. उथळ करावी तर पाणी पुन्हा चिकटते. जाड्या, बलवान विमानाला हा तोटा जाणवत नाही. पण ज्याचे सारे वैभव वाऱ्यावर अलगद तरंगण्यात, त्या मोटर-ग्लायडरला तो फार जाणवतो. पाण्यावर उतरणारी विमाने अनेक झाली आणि मोटर-ग्लायडरेही पुष्कळ. परंतु दोन्ही गुण एका अंगी उत्तम असलेली याने थोडीच आढळतात, त्याचे कारण हे होय.

तरी ग्लायडरच्या बाजूनेही बोलण्यासारखे एक आहे. त्याचे लांब पंख त्याला कमी वेगात उचलतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने सुटण्याऐवजी ७० ने सुटता आले, तर लाटांचे तडाखे जवळजवळ निम्म्यावर येतात, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. लाटांचे तडाखे कमी म्हणजे बूड हलके बांधता येते आणि बूड हलके म्हणजे पंखांवर भार कमी. आखणाऱ्याची भिस्त याच साखळीवर असते.

पण तेच लांब पंख पाण्यावर उभे असताना अडचण करतात. होडी अरुंद, पंख सोळा मीटरचे. वाऱ्याची झुळूक आली, की यान एका कुशीवर कलते. पळताना एका पंखाचे टोक पाण्याला लागले, तर तेवढ्या टोकाभोवती सारे यान गर्रकन फिरते. म्हणून टोकांखाली छोटे फ्लोट लावतात. त्यांचाही हवेत विरोध होतो. १९३५ मध्ये प्रथम उडालेल्या कॅटलिना नावाच्या मोठ्या उडत्या होडीत हे फ्लोट हवेत गेल्यावर वर दुमडून पंखांची टोके बनत. जर्मनीतील डोर्निये यांच्या होड्यांना टोकाचे फ्लोट मुळीच नसत; त्याऐवजी बुडाच्या दोन्ही अंगांना आखूड, जाड पंख काढलेले असत आणि ते पाण्यावर टेकून होडीला सावरून धरत.

इंजिन कोठे बसवावे, हाही एक पेचच आहे. बुडाने उडविलेले तुषार दिसावयास सुंदर. पण वेगाने फिरणाऱ्या पंख्यावर ते पाण्याचे थेंब खड्यांसारखे आदळतात आणि त्याच्या कडा कुरतडतात. म्हणून इंजिन उंच, पंखांच्याही वर, खांबावर चढवितात. तेथे पंखा कोरडा राहतो. परंतु ओढ यानाच्या माथ्यावरून लागत असल्यामुळे, इंजिनाला जोर दिला की यानाचे नाक खाली दबते, आणि तेही नेमके पाण्यावरून उठण्याच्या वेळी. जो दोष टाळावा त्याच्या जागी दुसरा हजर असतो. मग आखणारा शेपटी मोठी करतो, तिचा कोन बदलतो, पुन्हा गणित मांडतो. खोडरबरही या कामी पुष्कळ झिजत असावे.

इतके सोसून यान एकदा वर गेले आणि इंजिन बंद झाले, की खाली काठाची झाडे, सरोवराची निळी कड आणि पंखांवरून वाहणाऱ्या वाऱ्याचा सूं सूं आवाज एवढेच उरते. परतताना पाणी आणखी एक चकवा देते. वारा अगदी पडला असेल, तर सरोवर आरशासारखे होते आणि त्याचा पृष्ठभाग नेमका किती खाली आहे, हे वैमानिकाला दिसेनासे होते. उतरणारे अनुभवी लोक अशा वेळी सरोवराच्या मध्याकडे न पाहता काठाजवळून येतात. झाडे आणि दगड पाहून उंचीचा अंदाज घेतात आणि अगदी मंद उताराने पाण्याला भेटतात. लहान लाटा असल्या तर बरे. त्या दिसतातही, आणि उठतेवेळी बुडाखाली हवा शिरू देऊन पकडही सैल करतात.

बूड टेकले, फेस उडाला, वेग ओसरला, आणि विमान पुन्हा होडी झाली. आता तिला ब्रेक नाही. इंजिन बंद असेल तर वारा तिचे नाक आपल्याकडे वळवितो आणि तिला मागे मागे नेऊ लागतो. काठ वीस हातांवर दिसत असतो आणि तेथवर जाण्यास ना चाक, ना शीड. म्हणून पाण्यावरच्या विमानांत एक वल्हे ठेवण्याची रीत आहे. ग्रॅमग्रॅमचा हिशेब करणाऱ्या आखणाऱ्याला आपल्या चित्रात, वैमानिकाच्या बसण्याच्या जागेशेजारी, त्या वल्ह्यासाठीही जागा काढून ठेवावी लागते.